शेवटच्या घरापासून मोजा

वस्तीच्या सामायिक इंटरनेटबद्दल, म्हणजे एक जोडणी घेऊन ती सगळ्या घरांनी मिळून वापरण्याबद्दल, गेल्या अंकात लिहिलं आणि बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेते आहे. पत्रं मोठी होती, म्हणून मुद्दा तेवढा ठेवला आहे आणि नावं काढली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच की केबल ओढणं, गच्चीवर अँटेना बसवणं आणि बसवलेलं चालू ठेवणं, हे काम मी गेली एकोणीस वर्षं करते.

प्रश्न : आमच्या वस्तीत चारशेच्या आसपास घरं आहेत. एक देणगीदार चौकात आणि वाचनालयात मोफत वायफाय बसवून द्यायला तयार आहेत. समितीतले बहुतेक जण म्हणतात, झालं काम, सगळ्यांना नेट मिळालं. मला मात्र काहीतरी राहून जातंय असं वाटतं. काय, ते नेमकं सांगता येत नाही. (रहिवासी समितीच्या सचिव)

उत्तर : ताई, राहून जातंय ते घर. चौकातलं वायफाय चौकात उभं राहू शकणाऱ्यांचं असतं. संध्याकाळी तिथे तरुण मुलगे दिसतील. रात्री नऊनंतर अभ्यासासाठी मुलगी तिथे येणार नाही, गुडघे धरलेली आजी येणार नाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणारी बाई तर मुळीच येणार नाही. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं असेल तर आपलं दुखणं चौकात उभं राहून कोण सांगेल?

देणगीदारांना नाही म्हणू नका, फक्त थोडं थांबवा. नव्या वस्तीत गेले की पहिले दोन आठवडे मी एकही यंत्र विकत घेऊ देत नाही. वही घेऊन घरोघर फिरायचं. त्या वहीत ‘तुमच्याकडे इंटरनेट आहे का?’ हा प्रश्न घालू नका. जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतात आणि ते खोटंही नसतं. त्याऐवजी विचारा, काल रात्री आठ वाजता या घरात कोणाला कशासाठी नेट हवं होतं? मिळालं का? गेल्या महिन्यात डेटा कितव्या तारखेला संपला? फोन घराबाहेर कोण नेतं?

अशीच फिरत असताना एका घरात नववीतली मुलगी भेटली. घरात फोन एकच. तो वडिलांबरोबर संध्याकाळच्या पाळीला जायचा आणि रात्री साडेदहाला परत यायचा, मग हिचा अभ्यास सुरू व्हायचा. फोनची काच खाली उजव्या कोपऱ्यात फुटलेली, आणि शाळेच्या अ‍ॅपमधलं ‘सबमिट’चं बटण नेमकं त्याच कोपऱ्यात. कितीही दाबलं तरी ते लागायचं नाही. मग ती फोन आडवा करायची, बटण सरकून चांगल्या काचेवर यायचं आणि उत्तर जायचं. हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं, मला करून दाखवलं तेव्हा चेहऱ्यावर अभिमान होता. कंपनीच्या हिशेबात हे घर ‘जोडलेलं’ होतं. आम्ही वहीत लिहिलं : चार माणसं, एक फोन, मुलीच्या वाट्याला दीड तास.

ही एका घराची गोष्ट नाही. २०२३ साली जगातली सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेटबाहेर होती, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा अंदाज आहे. यातली बहुतेक माणसं मोबाइलची रेंज पोचलेल्या भागातच राहतात. रेंज डोक्यावरून जाते आणि माणूस कोरडाच राहतो. कारण कुठे पैसे नसतात, कुठे चालणारं यंत्र नसतं, कुठे शिकवणारं कोणी नसतं.

वही भरली की नकाशा काढा. साधा, हाताने काढलेला चालेल. प्रत्येक घरावर रंगाचा ठिपका द्या आणि कोणत्या कंपनीची केबल कोणत्या गल्लीच्या तोंडाशी थांबली आहे ते दाखवा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात डिजिटल समावेशनासाठी झटणाऱ्या संस्थांनी सरकारदरबारी जमा झालेली माहिती अशीच नकाशावर मांडली होती. एका मोठ्या कंपनीची सुधारित, वेगवान सेवा बहुतेक गरीब मोहल्ल्यांना वगळून गेल्याचं त्यातून उघड झालं. तोवर तिथले लोक आपल्याच यंत्राला दोष देत बसले असतील, असं मला आपलं वाटतं, कारण मी हे सगळीकडे पाहिलं आहे.

मग नकाशावरचं सगळ्यात कमी मिळणारं घर शोधा आणि आखणी तिथून सुरू करून चौकाकडे या. चौकातून सुरुवात केली की शेवटच्या गल्लीपर्यंत पोचायच्या आत पैसे संपतात, आणि मग ‘दुसऱ्या टप्प्यात बघू’ असा ठराव होतो. तो दुसरा टप्पा मी आजवर फार थोड्या ठिकाणी पाहिला. देणगीतून वाचनालयात वायफाय जरूर घ्या, पण तिथे दार लावून बोलता येईल अशी एक छोटी खोलीही मागा. उरलेला पैसा मागच्या गल्लीच्या केबलला लावा.

प्रश्न : माझी खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला आहे. घरात वायफाय आहे, फोनवर सगळ्या काड्या दिसतात, तरी ऑनलाइन तासाला माझा आवाज तुटतो. दादा म्हणतो स्पीड टेस्ट चांगली येते, तुझा फोनच खराब आहे. खरंच का? (बारावीची विद्यार्थिनी)

उत्तर : मुली, फोनला लगेच दोष देऊ नकोस. त्या काड्या फक्त तुझा फोन आणि घरातला राउटर यांच्यामधलं सांगतात. राउटरच्या पलीकडे काय चाललंय ते त्यात दिसत नाही.

तासाच्या वेळी, तू जिथे बसतेस तिथेच बसून टेस्ट कर आणि तीन आकडे लिही : डाउनलोड, अपलोड आणि पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. दादा बहुधा पहिलाच आकडा बघतो. तुझा आवाज आणि चेहरा जातो तो अपलोडमधून. ही बाजू सगळीकडेच दुर्लक्षित राहिली. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये ब्रॉडबँडचं माप डाउनलोडला सेकंदाला २५ आणि अपलोडला फक्त ३ मेगाबिट असं ठरवलं होतं. ते १०० आणि २० करायला मार्च २०२४ उजाडला. मधल्या काळात जगभर मुलं घरून शिकली आणि मोठी माणसं घरून काम करत राहिली.

हीच टेस्ट दादा व्हिडिओ बघत असताना पुन्हा कर. पिंग एकदम चढला तर राउटरमध्ये रांग लागते आहे. त्याच्या मोठ्या फाइलींच्या मागे तुझा आवाज ताटकळतो. बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस नावाची सोय असते, त्यातून तासाच्या वेळी तुझ्या फोनला पुढे घेता येतं.

आणि राउटर कुठे ठेवलाय ते बघ. अशाच एका मागच्या खोलीत मी गेले होते. मधे लोखंडी कपाट होतं आणि राउटर त्याच्या पाठीमागे जमिनीवर. सिग्नल मोजणाऱ्या मीटरवर उणे ७८ दिसत होतं. व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून बरा आकडा लागतो. उणे चिन्हापुढचा आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला. राउटर उचलून दाराच्या चौकटीवर ठेवला, उणे ६१ झालं. खर्च एका खिळ्याचा. भिंती जाड असतील तर वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरून बघ, तो भिंतीतून जास्त दूर जातो. पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि दाट वस्तीत शेजारच्या वीस राउटरची तिथे झुंबड असते. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण तो भिंतीला लवकर हार मानतो.

हे सगळं करूनही रात्री आठला वेग पडत असेल तर दोष घराबाहेर आहे. फायबरच्या नेहमीच्या रचनेत एका धाग्यावरचे सेकंदाला साधारण अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात. सगळे एकदम वापरत नाहीत म्हणून एरवी भागतं, पण पुढे जाणारी वाट अरुंद असेल तर संध्याकाळी सगळ्यांचंच अडतं. तुझी रात्री आठची नोंद सलग सात दिवस ठेव आणि समितीला दे. सकाळी अकराचा आकडा घेऊन कोणी तुझं म्हणणं खोडून काढू देऊ नकोस.

प्रश्न : वस्तीच्या सामायिक नेटवर माझी मुलगी काय बघते ते समितीतल्या कोणाला दिसेल का? (एक आई)

उत्तर : आजकाल बहुतेक साइट कूटबद्ध असतात. नेट चालवणाऱ्याला साइटचं नाव साधारण दिसू शकतं, आतला मजकूर, संदेश, फोटो दिसत नाहीत. तरी नुसतं नाव कळणंसुद्धा काही वेळा पुरेसं घातक असतं. म्हणून समितीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. बिघाड शोधायला लागतील तेवढ्याच नोंदी ठेवायच्या आणि ठरलेल्या दिवसांनी पुसायच्या. नियमाने लागत नाही तिथे ओळखपत्राची प्रत मागायची नाही. एका घरातलं यंत्र दुसऱ्या घरातल्या यंत्राला दिसू नये, ही सेटिंग पहिल्या दिवसापासून चालू असली पाहिजे. आणि ज्याच्या हातात मुख्य पासवर्ड आहे तो माणूस समितीच्या बैठकीत सगळ्यांना माहीत असावा.

प्रश्न : सामायिक जोडणी घ्यायचं नक्की झालं, पण वर्गणीवरून भांडणं सुरू आहेत. काही म्हणतात सगळ्यांची वर्गणी सारखी आणि सगळ्यांचा वेग सारखा. काही म्हणतात गरिबांना फुकट द्या. तुम्ही काय कराल? (समितीचे खजिनदार)

उत्तर : खजिनदार साहेब, वेगाचा आणि पैशाचा प्रश्न वेगवेगळा सोडवा. एकत्र केलात तर तिढा सुटायचा नाही.

वेगाबाबत मी सारखेपणाच्या बाजूने आहे, पण गर्दीच्या वेळेपुरती. पहाटे तीनला कोणी एकट्याने सगळी वाट वापरली तर कोणाचंच बिघडत नाही. रात्री आठला मात्र प्रत्येक घराला किमान वाटा मिळालाच पाहिजे, आणि हे आता राउटरकडून करून घेता येतं. जास्त वर्गणी देणाऱ्याला त्या वेळी पुढे घेऊ नका. ते एकदा केलंत की शेवटच्या घरासाठी केलेली सगळी आखणी वाया गेली.

पैशाबाबत सारखेपणा हा अन्याय आहे. एकच रक्कम एका घराला जाणवतही नाही आणि दुसऱ्या घरात तिच्यामुळे औषध राहतं. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने एक माप दिलं आहे : प्राथमिक जोडणीचा महिन्याचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा. ते माप देशाच्या सरासरीवर काढलेलं आहे. तुम्ही ते वस्तीतल्या सगळ्यात कमी कमावणाऱ्या घरांना लावून बघा, म्हणजे कोणाला किती झेपेल ते कळेल. दोन-तीन पायऱ्या ठेवा आणि आपली पायरी ज्याची त्याने सांगावी. पुरावे मागू नका. लोक लबाडी करतील अशी भीती प्रत्येक समितीला वाटते. माझ्या अनुभवात झेपत नसताना वरची पायरी सांगणारेच जास्त निघाले, त्यांना बाजूला बसवून खाली आणावं लागलं. आणि कृपा करून थकलेल्या घरांची यादी फळ्यावर लावू नका. मी ती लागलेली पाहिली आहे. त्या घरातली मुलं दुसऱ्या दिवसापासून वाचनालयातही यायची बंद झाली.

देणगीबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेत दरमहाच्या बिलात सूट देणारी एक मोठी सरकारी योजना होती, २ कोटी ३० लाखांवर कुटुंबं तिच्यात होती. निधी संपला आणि जून २०२४ पासून ती बंद पडली. सूट गेली त्या दिवशी त्या कुटुंबांच्या हाती कायमचं असं काही उरलं नाही. म्हणून एकदाच मिळणारा पैसा टिकणाऱ्या गोष्टीत घाला : जमिनीखालची नळी, फायबर, खांब, बॅटरी. दरमहाचा खर्च वर्गणीतून निघेल एवढाच ठेवा. बाहेरून दरमहा मदत घ्यायचीच असेल तर किती वर्षं ते आधी लिहून घ्या. अमेरिकेतल्याच चॅटनूगा शहराने २०२० मध्ये सुमारे २८ हजार गरजू विद्यार्थ्यांच्या घरी मोफत इंटरनेट द्यायचं ठरवलं तेव्हा करार दहा वर्षांचा केला. शहराच्या वीजसंस्थेचं स्वतःचं फायबर आधीपासून होतं, म्हणून ते जमलं.

नियम कोणी करायचे, हेही खजिनदारांनीच विचारायला हवं. सामायिक साधनांचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वापरणाऱ्यांचा नियम करण्यात हात असेल तर सामायिक साधन टिकतं, हे त्यांनी गावोगावच्या पाण्याच्या, रानांच्या आणि मासेमारीच्या उदाहरणांतून दाखवलं. स्पेनमधल्या कॅटालोनियात २००४ मध्ये सुरू झालेलं ग्वीफी हे नेटवर्क याच वाटेने वाढलं आणि ३५ हजारांहून अधिक जोडबिंदूंपर्यंत पोचलं. तिथे जोडून घेणाऱ्या प्रत्येकाला एकच सामायिक करार लागू होतो, आणि तो कोणालाही वाचता येतो.

प्रश्न : माझं वय ७४. समितीच्या यादीत माझ्या घरापुढे ‘गरज नाही’ असं लिहिलं आहे. मला कोणी विचारलं नव्हतं. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला काय करायचंय नेट? त्याला काय सांगू? (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, आधी त्या दोन शब्दांवर काट मारून घ्या. गरज आहे की नाही, हे तुम्ही ठरवायचं. पेन्शनची कागदपत्रं, दवाखान्याची वेळ, दूर असलेल्या माणसाचा चेहरा, यातलं एक जरी हवं असेल तरी पुरे. आणि काहीच नको असेल तर तसंही तुम्हीच सांगायचं.

शिकताना एक अडचण येईल, तिला घाबरू नका. वयाने बोटांची टोकं कोरडी होतात आणि काचेला स्पर्श कळत नाही. मग माणूस जोराने आणि जास्त वेळ दाबतो, फोनला ते वेगळंच काहीतरी वाटतं आणि भलतीच यादी उघडते. कितीतरी जणांनी इथेच ‘हे आपलं काम नाही’ म्हणून सोडून दिलं. बोट किंचित ओलं करा आणि काचेवर टेकवून लगेच उचला. अक्षरं मोठी करून घ्या, ती सेटिंग प्रत्येक फोनमध्ये असते.

मुलाला माझ्याकडून एवढंच सांगा की शिकवताना त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून बसावं. फोन तुमच्या हातातून घेऊन ‘हे बघा, असं’ म्हणून भराभर करून दाखवायचं नाही. आमच्या वर्गात हा नियम मुलांनाही आहे आणि मलाही. पहिल्या दिवशी तुम्हाला एक फोन लावायला वीस मिनिटं लागतील. लागू देत.

प्रश्न : बसवायला सगळे येतात, नंतर बघायला कोणी येत नाही. आमच्याकडे आधीचं एक वायफाय असंच धूळ खात पडलं आहे. पुन्हा तेच होऊ नये म्हणून काय करावं? (वस्तीतला एक तरुण)

उत्तर : मित्रा, हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण हे माझ्या हातून झालं आहे.

पहिल्या काही वर्षांत एका संस्थेबरोबर मी एका वस्तीत बारा राउटर बसवले. उद्घाटन झालं, फोटो निघाले. मुख्य अँटेना ज्या गच्चीवर होती तिची किल्ली एकाच गृहस्थांकडे होती. चार महिन्यांनी ते घर सोडून गेले. त्याच सुमारास पावसाचं पाणी एका केबलवरून सरकत जोडाच्या पेटीत उतरलं आणि आतला सगळा तांब्याचा भाग हिरवा पडला. लोकांनी संस्थेला फोन केले. संस्थेचा प्रकल्प संपला होता. पासवर्ड माझ्या वहीत होता, आणि वही माझ्याबरोबर दुसऱ्या शहरात. सातव्या महिन्यात सगळं बंद. मी परत गेले तेव्हा एका बाईंनी विचारलं, ‘तुम्ही पुन्हा येणार होतात ना?’ त्या प्रश्नाचं उत्तर मी त्यानंतर प्रत्येक वस्तीत द्यायचा प्रयत्न करते आहे.

त्या केबलला पोट दिलं असतं तर पाणी आत गेलं नसतं. पोट म्हणजे पेटीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन तिथूनच ठिबकतं. वितभर केबल जास्त लागते. ज्याला हे माहीत आहे असा माणूस वस्तीत असायला हवा, आणि तो बाहेरून आणलेला नको. न्यूयॉर्कच्या रेड हुक भागात ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने वीज आणि फोन गेले, तेव्हा तिथल्या एका समाजसंस्थेने उभारलेलं छोटं मेश नेटवर्क, म्हणजे एकमेकांशी जाळ्यासारखे जोडलेले राउटर, चालू राहिलं आणि लोकांनी त्यावरून घरच्यांना खुशाली कळवली. पुढे तिथल्याच तरुण मुलामुलींना ते सांभाळायला शिकवलं गेलं. डेट्रॉइटमध्येही वस्तीतलेच लोक शिकून शेजाऱ्यांच्या छतांवर यंत्रं बसवतात आणि बिघडली की दुरुस्त करतात. त्यांना डिजिटल स्टुअर्ड म्हणतात. तुम्हाला हवं ते नाव द्या, पण त्यांना मेहनताना द्या. फुकटची हौस पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकते.

यंत्रं घेण्याआधी एवढं जमवा. गच्चीची किल्ली तीन जणांकडे, आणि घरमालकाची लेखी परवानगी. पासवर्ड बंद पाकिटात, दोन ठिकाणी. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना पट्टी, तिच्यावर घराचा क्रमांक; हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात आणि नंतर रात्री बॅटरीच्या उजेडात वायरी ओढत बसतात. एक जादा राउटर कपाटात. तांब्याची नेटवर्क केबल शंभर मीटरच्या पुढे ओढू नका, तिथे फायबर किंवा मधे स्विच लागतो. गच्चीवरून गच्चीवर अँटेना लावणार असाल तर मधे झाड आहे का ते पानं भरलेल्या दिवसांत जाऊन बघा. पानगळीत बसवलेली जोडणी पालवी फुटली की झोपते, आणि महिनाभर कोणाला कारण सापडत नाही.

आधीचं धूळ खात पडलेलं वायफाय उघडून बघा. पेटीच्या आत हिरवं दिसतंय का, विजेचा अडॅप्टर चालतोय का, आणि किल्ली कोणाकडे आहे. ती अर्धी यंत्रं चालू निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

शिकायला पहिले दोघे निवडाल ते मागच्या गल्लीतले निवडा, त्यातली एक मुलगी असू दे. नेट गेलं की सगळ्यात आधी त्यांच्या घरातलं जातं, त्यामुळे तक्रारीची वाट न बघता ते शिडी काढतील. पहिल्या तीन महिन्यांच्या बिघाडांची नोंद ठेवा, तारीख, घर, कारण आणि दुरुस्तीला लागलेला वेळ, आणि ती मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचून उत्तर लिहीन.